मुद्दल आणि व्याज

अमेरिकेतील अलास्का राज्यात १९६८ साली तेलाचा प्रचंड साठा सापडला. पुढच्याच वर्षी तेलक्षेत्रांच्या लिलावातून राज्याला ९० कोटी डॉलर मिळाले आणि पाहता पाहता ते खर्ची पडले. या अनुभवाने लोक शहाणे झाले. १९७६ साली त्यांनी राज्यघटनेत दुरुस्ती करून खनिजांच्या स्वामित्वधनाचा किमान चौथा हिस्सा कायमस्वरूपी निधीत टाकण्याचे बंधन घातले. त्या निधीतून १९८२ साली प्रत्येक रहिवाशाच्या हाती हजार डॉलरचा लाभांश पडला.

तेलाने तेथे सारे सोन्याचेच केले असे नव्हे. १९८९ साली तेलवाहू जहाज खडकावर आदळले आणि मच्छीमारांचा समुद्र काळवंडला. तेलाचे भाव घसरताच २०१६ साली लाभांशालाही कात्री लागली. मुद्दल मात्र शाबूत राहिली.

हे दूरचे उदाहरण आम्ही मुद्दाम देत आहोत. गोव्यात तेल नाही, लोहखनिज आहे. २०१२ साली खाणी थांबल्या, तेव्हा ट्रक आणि बार्ज जागच्या जागी उभे राहिले आणि कित्येक घरांतील चुली मंदावल्या. खनिजविक्रीचा दहा टक्के हिस्सा कायमस्वरूपी निधीत ठेवावा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली दिला. म्हणजे जे शहाणपण अलास्काच्या मतदारांना सुचले, ते आम्हांस न्यायालयाने शिकवावे लागले!

जमिनीतून काढलेले खनिज हे पीक नव्हे. ते पुन्हा उगवत नाही. १९६१ साली ही भूमी मुक्त झाली, ती एकाच पिढीने ओरबाडून खावी म्हणून खचितच नव्हे. व्याजावर संसार करावा. मुद्दल नातवंडांची आहे.