बाळाचे श्वास मोजणारी बाई



बचत गटाच्या बैठकीत आपण हप्ता आणि व्याज मोजतो. आज आम्ही सांगणार आहोत ते बाळाचे श्वास मोजण्याबद्दल.

डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग हे पती-पत्नी नागपूरला डॉक्टर झाले. अमेरिकेत सार्वजनिक आरोग्याचं शिक्षण घेऊन ते परत आले आणि १९८६ मध्ये आपल्याच विदर्भातल्या गडचिरोलीत त्यांनी 'सर्च' संस्थेचं काम सुरू केलं. तिथे लहान लेकरं न्यूमोनियानं दगावत होती. दवाखाना दूर आणि गावात डॉक्टर नाही. मग हा आजार ओळखायचा कोणी?

त्यांनी गावातल्या सुईणींसाठी एक साधं साधन बनवलं. एक मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि ओवलेले मणी. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मणी सरकला, तर श्वास जास्त आहे, म्हणजे न्यूमोनियाची शंका. अक्षर न येणारी बाईही हे करू शकत होती.

पुढे ३९ गावांत गावातल्याच बायकांना 'आरोग्यदूत' म्हणून शिकवलं. बाळाला ऊब देणं, वजन करणं, जन्मताच श्वास न घेणाऱ्या बाळाला श्वास देणं, जंतुसंसर्ग ओळखून इंजेक्शन देणं, हे सगळं त्या घरी जाऊन करू लागल्या. पूर्वी जन्मलेल्या हजार बाळांपैकी ६२ बाळं पहिल्या महिन्यातच जात. तिसऱ्या वर्षी हा आकडा २५ च्या आसपास आला. १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकात हे छापून आलं आणि २०११ मध्ये सरकारनं हे काम देशभरातल्या आशाताईंकडे दिलं.

म्हणजे रिसोड असो की मानोरा, बाळंतिणीच्या दारात येणारी आशाताई उगीच येत नाही. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर ती ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी येते. घरी झालं असेल तर पहिल्या दिवशीही येते.

पण काही घरांत "सव्वा महिना बाहेरच्यांनी बाळाला शिवू नये" म्हणून तिला ओसरीवरूनच परत पाठवतात. सासूबाईंनो, बाळाला जपायचं हे तुमचं खरंच आहे. म्हणूनच ताईला हात धुवायला साबण-पाणी द्या आणि आत घ्या. ओसरीवरून श्वास मोजता येत नाहीत.

ताई नसतानाही लक्ष ठेवा. बाळ अंगावर पीत नाही, मलूल पडलं आहे, अंग गार किंवा तापलेलं आहे, छाती आत ओढली जाते, किंवा दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे श्वास मिनिटाला ६० किंवा त्याहून जास्त आहेत, यातलं एकही दिसलं तर उद्याची वाट पाहू नका. १०८ ला फोन करा. बाळाला छातीशी धरून, उबदार गुंडाळून दवाखान्यात न्या.

पुढच्या बैठकीत गटातल्या कोणाकडे बाळंतीण आहे, ते विचारा आणि आशाताई आत गेली का, तेही विचारा.