हवालदिल

परवा पेडण्याच्या आमच्या शाळेत एका विद्यार्थिनीने विचारले, “सर, हवालदिल म्हणजे हवालदाराचे दिल का?” वर्ग हसला. आम्हीही हसलो, परंतु उत्तर देताना डिचोलीतील एक घर डोळ्यांपुढे उभे राहिले.

७ फेब्रुवारी २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गोव्यातील ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केले आणि मार्चच्या मध्यास खाणी थांबल्या. २०१२ मध्येही त्या बंद पडल्या होत्या. डिचोली तालुक्यात कितीतरी संसार खनिज वाहणाऱ्या ट्रकांवर चालत. आम्ही तेव्हा तेथील शाळेत मराठी शिकवीत होतो. ‘माझे घर’ या निबंधात एका मुलाने लिहिले, ‘बाबा हताष झाले आहेत.’ आम्ही ‘ष’ खोडून ‘श’ केला, दहांपैकी सात गुण दिले आणि पुढची वही घेतली. त्या वाक्याचा अर्थ ध्यानी आला तो रात्री.

रविवारी आम्ही त्याच्या घरी गेलो. आंब्याखाली उभ्या ट्रकवर पाचोळा साचला होता. वडील म्हणाले, “सर, रात्री डोळ्याला डोळा लागत नाही. दारात पाऊल वाजले, की हप्ता मागायला माणूस आला असे वाटून काळीज धडधडते.”

परतताना वाटले, मुलाचा शब्द शुद्ध करूनही चुकीचाच राहिला. ‘हताश’ म्हणजे हत झाली आहे आशा ज्याची तो. तेथे आशा मारलीच गेलेली असते. ‘निराश’ म्हणजे ज्याची आशा निघून गेली तो. गीतेच्या तिसऱ्या अध्यायातील ‘निराशी’ तर फळाची आशा आपण होऊन सोडतो, म्हणून स्तुत्य ठरतो! ‘हवालदिल’ यांहून निराळा. हवालदाराच्या ‘हवाल्या’शी त्याचे नाते नाही. मूळ शब्द ‘हौलदिल’: ‘हौल’ म्हणजे अरबीत धास्ती, ‘दिल’ फारसी. ज्याचे काळीज धास्तावले, तो हवालदिल. त्याची आशा मेलेली नसते. भयाखाली दबलेली असते.

शिवाजी महाराजांनी राजव्यवहारकोश करवून कारभारातील फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले. परंतु काळजाचे हे शब्द मराठीत राहिलेच. ‘दिलगीर’ त्यांतलाच, आणि ‘दिलासा’ही. ‘दिलासा’तील ‘आसा’ ही आपली आशा नव्हे. फारसीत त्याचा अर्थ विसावा देणारे. म्हणजे दिलासा ही ‘सारे ठीक होईल’ अशी हमी नव्हे. धास्तावलेल्या काळजाला दिलेला घटकाभर विसावा होय.

हे उमगल्यावर आमचा संकोच गेला. खाणी सुरू करणे आमच्या हाती नव्हते; शेजारी जाऊन बसणे होते. पुढे अनेक रविवार आम्ही तेथे गेलो. हप्त्यांना मुदत मागणारा अर्ज त्यांच्यासोबत बसून लिहिला. ट्रक अखेर विकावाच लागला. मात्र मुलाची शाळा सुटली नाही.

वाचकहो, दूर प्रांतांतील आपल्या घरांतही केव्हातरी कोणी हवालदिल होतेच. त्याला हताश म्हणून सोडून देऊ नये. त्याच्या दुखण्याचे औषध त्याच ‘दिल’च्या कुळातले आहे, आणि ते देण्यास फारसे काही लागत नाही.

आम्ही मात्र त्या दिवसापासून वही तपासताना आधी वाक्य वाचतो आणि मगच लाल पेन उचलतो.