वलवणचं पाणी जातं कुठे?

पाण्यापासून वीज म्हटलं की एक वाक्य ठरलेलं: पाणी खर्च होत नाही, चाक फिरवून पुन्हा नदीतच येतं. बऱ्याच ठिकाणी हे खरं आहे. लोणावळ्याच्या वलवण धरणाला नाही.

शिरोता धरणाचं पाणी बोगद्यातून वलवणला येतं, वलवणचं खंडाळ्याकडे जातं आणि तिथून जाडजूड पाइपांतून सुमारे ५०० मीटर खाली खोपोलीच्या वीजघरात कोसळतं. बाहेर पडतं ते पाताळगंगेत. म्हणजे इंद्रायणीतून देहू-आळंदीवरून तुळापूरला भीमेत आणि पुढे पंढरपूरला जाणारा पाऊस धरमतरच्या खाडीतून अरबी समुद्राला मिळतो. ठोकरवाडीचं पाणी भिवपुरीमार्गे उल्हास नदीत आणि मुळशीचं भिऱ्यामार्गे कुंडलिकेत जातं, तीही हीच कथा. कृष्णा पाणीवाटप लवादाने १९७६ मध्ये टाटांच्या या धरणांना कोणत्याही एका वर्षात जास्तीत जास्त ५४.५ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी खोऱ्याबाहेर नेण्याची मुभा दिली. सोलापूर जिल्ह्यातल्या उजनी धरणाचा उपयुक्त साठा साधारण ५३.५ टीएमसी. सोलापूरकरांना हा आकडा का सलतो, ते वेगळं सांगायला नको.

‘मग टाटांचं पाणी पूर्वेला सोडा, दुष्काळ मिटला!’ हा दुसरा गैरसमज, आणि भाषणात तो फार शोभतो. शंभर वर्षांत घाटाखालच्या नद्यांचा उन्हाळा या सोडलेल्या पाण्यावरच भागायला लागला आहे. रसायनीचे कारखाने, बदलापूरपासून कल्याण-डोंबिवलीपर्यंतचे नळ, सगळे त्यावर. कोलाडचं राफ्टिंगसुद्धा भिऱ्याचं वीजघर पाणी सोडेल त्याच वेळेला. पाणी परत वळवावं असं मलाही वाटतं, पण आधी खालच्या शहरांची सोय लावून, टप्प्याटप्प्याने.

‘ही इंग्रजांच्या काळातली तळी, त्यात कुणाचं काय गेलं?’ मुळशीकरांना विचारा. १८९४ च्या भूसंपादन कायद्याने मावळ्यांच्या भातखाचरांवर टाच आली, तेव्हा १९२१ मध्ये सत्याग्रह उभा राहिला. पांडुरंग महादेव बापट ‘सेनापती’ झाले ते इथेच. तरीही धरण झालं. खोपोलीची वीज १९१५ पासून जात होती ती मुंबईच्या गिरण्यांना; जमीन देणाऱ्याच्या घरात दिवा लागावा, हा त्या आराखड्याचा हेतू कधीच नव्हता.

वीज अगदी स्वच्छ, हेही अर्धंच खरं. कोळशाचा धूर नाही आणि मागणी वाढली की काही मिनिटांत संच चालू होतो, हा मोठा गुण. पण बुडालेला पालापाचोळा प्राणवायूविना कुजला की मिथेन निघतो.

आणि मासे? ‘धरणवाले मत्स्यबीज सोडतात, नदीची भरपाई होते.’ वलवणचं महसीर केंद्र प्रसिद्ध आहे. महसीर वाहत्या पाण्याचा मासा. पावसाळ्यात प्रवाहाविरुद्ध चढून गोट्यांच्या तळाशी अंडी घालतो. भिंत आडवी आली की ती वाटच बंद. १९७० च्या दशकापासून लोणावळ्यात या माशाची कृत्रिम पैदास होते आणि निळ्या परांच्या महसीरची संख्या सावरण्यात तिचा वाटा आहे, हे मान्य करायला हवं. मात्र हेच बीज कावेरीत सोडलं गेलं. तिथला मूळचा, पाठीवर कुबड असलेला महसीर मागे हटत गेला आणि २०१८ मध्ये तो अतिसंकटग्रस्त ठरला. त्यामागे हा पाहुणा मासा हे एक कारण अभ्यासक सांगतात. टाकीत मासा वाढवता येतो, इंद्रायणीचा प्रवाह टाकीत वाढत नाही.

ऑगस्ट २०२३ मध्ये शिरोत्याला १८०० मेगावॉटच्या उदंचन प्रकल्पाचा सामंजस्य करार झाला. तेच पाणी वर चढवायचं, गरजेला खाली सोडायचं. यातून ‘जादा वीज’ मिळेल असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका: चढवायला लागते त्याच्या साधारण पाचवा हिस्सा वीज वाटेतच जाते. हा वीज साठवण्याचा खर्च आहे, आणि सौर-पवन वीज वाढतेय तेव्हा तो परवडूही शकतो. मावळकरांनी विचारायचं ते एवढंच, की पहिलं भरण कुठल्या पाण्याने होणार आणि रान किती जाणार.