मोबाइलवर आलेला रिश्ता: 'हो' म्हणण्याआधी तहकीक करा

पुण्यात एका खासगी कंपनीत वरिष्ठ पदावर काम करणाऱ्या 60 वर्षांच्या महिलेला एप्रिल 2020 मध्ये फेसबुकवर एका अनोळखी माणसाची फ्रेंड रिक्वेस्ट आली. आपण ब्रिटनमध्ये राहतो, असे त्याने सांगितले. पुढचे काही महिने गप्पा चालल्या, विश्वास बसला. मग त्याने वाढदिवसाची भेट म्हणून आयफोन पाठवल्याचे कळवले. पाठोपाठ दिल्ली विमानतळावरून 'कस्टम'चा फोन आला की पार्सल अडकले आहे, ड्यूटी भरा. एकदा भरली, तर दुसरे कारण निघाले. दुसरे भरले, तर तिसरे. 2021 मध्ये प्रकरण पुणे सायबर पोलिसांकडे गेले, तोवर 27 बँक खात्यांत 207 वेळा मिळून जवळपास 3 कोटी 98 लाख रुपये गेले होते.

कोटींचा आकडा ऐकून आपण म्हणतो, आपल्याकडे कुठे एवढा पैसा आहे, आपल्याला कोण फसवणार! पण या बातमीत लक्ष द्यायचे ते 207 या आकड्याकडे. शिकलेली, नोकरी करणारी, व्यवहार समजणारी बाई 207 वेळा पैसे पाठवते, म्हणजे हा अडाणीपणाचा प्रश्न नाही. वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरुळपीर, कारंजा किंवा मानोऱ्यात हीच चाल दहा-वीस हजारांसाठी खेळली जाऊ शकते. ज्या घरात शिलाई मशीनवर किंवा शेतमजुरीवर पैसा जमतो, तिथे वीस हजार म्हणजे वर्षभराची बचत असते.

आपल्याकडे 'ऑनलाइन डेटिंग' हा शब्द घरात कोणी उच्चारत नाही. आपल्याकडे शब्द आहे रिश्ता. आणि रिश्ता आता मोबाइलवरच येतो. व्हॉट्सअ‍ॅपवर बायोडेटाचे ग्रुप आहेत, निकाहसाठीची अ‍ॅप आहेत, फेसबुक-इन्स्टाग्राम तर आहेच. यात वाईट काही नाही. बेवा किंवा तलाकशुदा बहीण असेल, मुलीचे वय तिशीच्या पुढे गेले असेल, तर रिश्ते लावणारी खाला तिच्यासाठी फारसे स्थळ आणत नाही. आणलेच तर चार मुलांचा बाप आणते. तिने स्वतः शोध घेतला तर तिला नावे ठेवायचा अधिकार आपल्याला नाही.

फरक पडला तो दुसऱ्याच गोष्टीत. पूर्वी अकोला, हिंगोली किंवा पुसदहून स्थळ आले की घरातले दोघे जण गुपचूप त्या गावी जाऊन यायचे. मोहल्ल्यातल्या चहाच्या टपरीवर बसायचे, किराणावाल्याला विचारायचे, मस्जिदीत इमामसाहेबांना भेटायचे. लडका कैसा है, कमाता क्या है, पहिली बायको होती का, उधारी किती आहे, सगळे कळायचे. या तहकीकचा कधी कधी जाचही व्हायचा, हे खरे. पण तिच्यामुळे खोटा माणूस दारातच अडायचा. मोबाइलवरच्या रिश्त्यात ही पायरीच गळून गेली. लंडनच्या 'डॉक्टर'ची चौकशी कुठल्या टपरीवर करणार? भामट्याला नेमके हेच हवे असते. म्हणून तो स्वतःला दूर कुठेतरी ठेवतो: लंडन, दुबई, समुद्रातले जहाज, तेलाची विहीर, परदेशी सैन्य.

त्याची भाषा आपल्या माणसांसारखीच असते, हे आधी समजून घ्या. तो सलाम करून बोलतो. प्रत्येक वाक्यात इन्शाअल्लाह, माशाअल्लाह. फजरला उठवतो, जुम्याची मुबारकबाद पाठवतो, "मला दीनदार बायको हवी, जहेज नको" म्हणतो. बेवेशी बोलताना तो स्वतः विधुर असतो, तिच्या मुलांची विचारपूस करतो. महिना-दोन महिने पैशाचा विषयही निघत नाही. मग एक दिवस हळूच सांगतो, "आपलं हे घरात एवढ्यात कोणाला सांगू नका, मी आलो की रीतसर वलीशी बोलेन." इथेच सावध व्हायचे. निकाहची बात ज्याला खरोखर करायची आहे तो वलीचा नंबर मागतो. जो गुपित ठेवायला सांगतो त्याला निकाह नको असतो, एकटी बाई हवी असते.

त्यानंतर पार्सल येते. कधी सोने, कधी आयफोन, कधी परकीय चलनाने भरलेली पेटी. कधी तो स्वतःच 'भारतात येतो' आणि मुंबई-दिल्ली विमानतळावर जादा डॉलरसह पकडला जातो. फोनवर एखादी बाई सफाईदार हिंदी-इंग्रजीत बोलते, "कस्टम ऑफिस से बोल रही हूँ." पैसे भरले नाहीत तर त्याला अटक होईल, तुमच्यावरही मनी लाँडरिंगची केस होईल, अशी भीती घालते. आधी प्रेम, मग दहशत.

या नाटकातली प्रत्येक गोष्ट तपासता येते. कस्टम विभाग कोणाला फोन करून खासगी बँक खात्यात किंवा यूपीआयवर ड्यूटी भरायला सांगत नाही. त्यांच्या अधिकृत पत्रावर नोव्हेंबर 2019 पासून एक ओळख क्रमांक असतो, त्याला 'डिन' म्हणतात, आणि तो विभागाच्या वेबसाइटवर तपासता येतो. परदेशातून येणाऱ्या प्रवाशाजवळ 5,000 डॉलरपेक्षा जास्त रोख नोटा असतील, किंवा नोटा आणि ट्रॅव्हलर्स चेक मिळून 10,000 डॉलरपेक्षा जास्त रक्कम असेल, तर त्याने विमानतळावर एक फॉर्म भरून ते जाहीर करायचे असते. त्यासाठी वाशिममधल्या कोणी बाईने पैसे भरायची गरज नसते. रिझर्व्ह बँकही कोणाच्या नावाने पैसे अडकवून ते सोडवायला फी मागत नाही.

सगळ्यात सोपी खूण यूपीआयवरच दिसते. पैसे पाठवण्याआधी खातेदाराचे नाव समोर येते. माणूस लंडनचा डॉक्टर, पैसे मागतो 'कस्टम', आणि खाते मात्र कुठल्या तरी तिसऱ्याच माणसाच्या नावाने असते. विचारले तर उत्तर तयार असते, "हे एजंटचं खातं आहे." तिथेच हात थांबवायचा.

माणूस तपासण्याचेही मार्ग आहेत. त्याने पाठवलेला फोटो गुगल लेन्समध्ये टाकून पाहा, बऱ्याचदा तोच फोटो दुसऱ्या नावाने, दुसऱ्या देशात सापडतो. तो ब्रिटनमधला डॉक्टर असल्याचे सांगत असेल तर तिथल्या जनरल मेडिकल कौन्सिलची डॉक्टरांची यादी इंटरनेटवर सर्वांसाठी खुली आहे. त्या यादीत नाव असले तरी आपल्याशी बोलणारा तोच आहे, हे मात्र त्यावरून सिद्ध होत नाही. नाव चोरताही येते. व्हिडिओ कॉल मागा, आणि कॉलवर त्याला मान पूर्ण वळवायला, चेहऱ्यासमोरून हात फिरवायला सांगा. आता दुसऱ्याचा चेहरा लावून बोलण्याचे तंत्र आले आहे, पण अशा हालचालीत ते अनेकदा डगमगते. या सगळ्यापेक्षा जुनी तहकीकच भारी. गाव विचारा, वडिलांचे नाव विचारा, मोहल्ला विचारा, भारतातल्या एखाद्या नातेवाईकाला घरी पाठवायला सांगा. दुबई-सौदीत आपल्या जिल्ह्यातली पोरे आहेतच. कोणाच्या तरी ओळखीचा माणूस त्या शहरात निघतो. "माझ्यावर भरोसा नाही का?" असे तो रागावून म्हणाला तर म्हणू द्या. खऱ्या माणसाला चौकशीचा राग येत नाही, कारण त्याच्या घरचेही तुमची चौकशी करत असतात.

जोडीदार शोधून देणाऱ्या वेबसाइटवर खाते आहे म्हणजे माणूस खरा, असेही समजू नका. केंद्र सरकारने जून 2016 मध्ये अशा वेबसाइटसाठी सूचना काढल्या. ग्राहकाची ओळख तपासावी, कागदपत्रे घ्यावीत, फसवणुकीबद्दल सावध करावे, असे त्यात आहे. पण तिथे ओळख झाली की भामटा पहिल्या दोन दिवसांतच "व्हॉट्सअ‍ॅपवर या" म्हणतो. तिथून पुढे त्या वेबसाइटची नजर राहत नाही.

पुरुष यातून सुटले असे नाही. मुंबईतल्या 80 वर्षांच्या एका गृहस्थांचे प्रकरण 2025 मध्ये उघड झाले. एप्रिल 2023 मध्ये फेसबुकवर एका बाईची ओळख झाली, मग आणखी तिघी बोलू लागल्या. मुले आजारी आहेत, घरात अडचण आहे, अशी कारणे सांगून 734 व्यवहारांत सुमारे 9 कोटी रुपये काढून घेतले. या चौघी म्हणजे प्रत्यक्षात एकच व्यक्ती असावी, असाही संशय आहे. साठवण संपल्यावर त्यांनी सुनेकडून पैसे घेतले आणि मग मुलाकडे 5 लाख मागितले. मुलाने विचारले, कशाला? तेव्हा हे सगळे बाहेर आले.

तरुण मुलांची फसवणूक वेगळ्या रस्त्याने होते, आणि शिक्षक म्हणून मला तिची जास्त धास्ती वाटते. इन्स्टाग्रामवर मुलीच्या नावाने मेसेज येतो, दोन दिवसांत व्हिडिओ कॉल. समोर अश्लील चित्रफीत चालू असते, मुलाला कपडे काढायला भरीस पाडतात आणि स्क्रीन रेकॉर्ड करतात. मग धमकी, "पैसे टाक, नाहीतर तुझ्या अब्बूला, मामूला, सगळ्या यादीला पाठवतो." मग 'सीबीआय अधिकारी' किंवा 'यूट्यूबवाला' बनून दुसरा फोन येतो आणि व्हिडिओ हटवण्याचे वेगळे पैसे मागतो. पैसे दिल्याने हे थांबत नाही, मागणी वाढतेच. स्क्रीनशॉट काढून ठेवायचे, एक पैसाही द्यायचा नाही, ब्लॉक करायचे आणि घरातल्या एका मोठ्या माणसाला त्याच दिवशी सांगायचे. फोटो-व्हिडिओ पसरण्याची भीती असेल तर 18 वर्षांवरील व्यक्तींसाठी 'स्टॉप एनसीआयआय' आणि त्याखालील मुलांसाठी 'टेक इट डाउन' या मोफत सेवा आहेत. तुमचा फोटो तुमच्याच फोनमध्ये राहतो. त्याचा फक्त एक सांकेतिक ठसा तयार होतो आणि त्यावरून सहभागी कंपन्या तो फोटो आपल्याकडे पसरण्यापासून रोखतात.

कॉलेजच्या पोरांना आणखी एक गोष्ट सांगायला हवी. लोकांकडून उकळलेले पैसे ज्या खात्यांत जातात ती बहुतेक भाड्याची असतात. "तुझं खातं आणि एटीएम कार्ड दे, महिन्याला पाच हजार घे" अशी ऑफर आली तर समजा की एखाद्या बेवेचे पैसे तुमच्या खात्यातून जाणार आहेत. पोलीस आधी पोहोचतात ते खातेदाराच्याच दारात. परदेशात 'डेटा एन्ट्री'ची नोकरी म्हणून नेऊन मुलांना याच धंद्याला जुंपतात, हेही लक्षात ठेवा. मार्च 2025 मध्ये भारताने म्यानमार-थायलंड सीमेवरच्या अशा अड्ड्यांवरून सुटलेल्या 549 भारतीयांना हवाई दलाच्या विमानांनी परत आणले. रात्री गोड बोलणारा 'डॉक्टर' कधी कधी असाच कोंडलेला एखादा पोरगा असतो.

पैसे गेले असतील तर पहिला फोन 1930 वर करा. नातेवाईकांची बैठक नंतर बसवा. हा राष्ट्रीय सायबर फसवणूक हेल्पलाइन नंबर आहे. तक्रार नोंदली की संबंधित बँकांना कळवून पैसे पुढे जाण्याआधी अडवण्याचा प्रयत्न होतो, म्हणून तास-दोन तासांचाही फरक पडतो. बँक भरपाई देईल या आशेवर बसू नका. रिझर्व्ह बँकेने 2017 मध्ये काढलेल्या नियमाने ग्राहकाच्या परवानगीशिवाय झालेल्या व्यवहारांना संरक्षण दिले होते, आणि इथे तर पिन आपणच टाकलेला असतो. तक्रार सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन या पोर्टलवरही करता येते. महिला आणि मुलांविरुद्धच्या अश्लील मजकुराची तक्रार तिथे नाव न देताही करता येते. पोलीस ठाण्यात "हे आमच्या हद्दीत नाही" असे कोणी म्हणाले तर सांगा की भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 नुसार गुन्हा कुठेही घडला असला तरी माहिती नोंदवून घ्यावी लागते. दुसऱ्याचे सोंग घेऊन फसवणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 319 आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 66 डी खाली गुन्हा आहे. चॅट डिलीट करू नका. लाज वाटते म्हणून बायका सगळ्यात आधी तेच करतात आणि पुरावा तिथेच संपतो. व्यवहाराचा क्रमांक, तारीख, वेळ, समोरच्याचा नंबर, प्रोफाइलची लिंक, हे सगळे कागदावर लिहून न्या.

आता घरच्यांसाठी. बहीण किंवा वहिनी सांगायला आली आणि पहिला प्रश्न "तू त्याच्याशी बोलतच का होतीस?" असा आला, तर ती पुढचे काही सांगणार नाही, आणि पुढचा हप्ता गुपचूप दागिना मोडून भरेल. भामट्याने तिला आधीच पढवलेले असते की घरचे तुला समजून घेणार नाहीत. आपण ओरडलो की त्याचेच म्हणणे खरे ठरते. तिला विचारा, किती वाजता पाठवले, कोणत्या बँकेतून, आणि तिच्या शेजारी बसून 1930 लावा. बाकीचे बोलणे आठ दिवसांनी केले तरी चालते.

तक्रार झाल्यावर काही दिवसांनी बहुधा आणखी एक फोन येतो. "तुमचे पैसे आम्ही परत मिळवून देतो, फक्त प्रोसेसिंग फी भरा." वकील, बँक अधिकारी, सायबर सेल, काहीही सांगतील. एकदा फसलेल्यांचे नंबर या टोळ्यांमध्ये विकले जातात, त्यामुळे त्यांना तुमचे नाव आणि गेलेली रक्कमही माहीत असते. हा फोन आला तर उत्तर न देता कापा आणि तो नंबर आधीच्याच तक्रारीत जोडायला पोलिसांना कळवा.