पावणेदोन मिनिटांचं भूत

मास मीडिया शिकणाऱ्या मुलांच्या हाती कॅमेरा आला की पहिल्या दोन-तीन प्रयोगांत एक भयपट ठरलेलाच असतो. प्रेमकथेला दोन बरे नट लागतात, विनोदाला लिहिणारा लागतो, मारामारीला पैसा लागतो. भीतीला अंधार पुरतो आणि तो फुकट मिळतो. त्यातून अख्खी फिल्म न करता नुसता ट्रेलर करायचा म्हटलं तर शेवट काय करायचा हा प्रश्नही सुटतो. फोनवर शूटिंग, मित्राच्या लॅपटॉपवर एडिटिंग, एखाद्या बहिणीला पांढरा ड्रेस, की झालं काम.

म्हणूनच असे ट्रेलर एकमेकांसारखे दिसतात. लुकलुकणारी ट्यूब, करकरणारं दार, तोंडावर केस सोडून कोपऱ्यात उभी मुलगी, आरशात क्षणभर दिसलेलं कुणीतरी, मग काळा पडदा आणि किंकाळी. हे भयपटाचे संकेत. ते वापरण्यात गैर काही नाही. ट्रेलर बघणाऱ्याला पहिल्या दहा सेकंदांत आपण कुठल्या गावात शिरलोय ते कळायला हवं, आणि ते संकेतच सांगतात. पण प्रत्येक संकेत कुणाच्या तरी अडचणीतून जन्मलेला असतो. अडचण मागे ठेवून नुसता संकेत उचलला की तो पोकळ वाजतो. मुंबईत गिरगाव, दादर, परळ, लालबागच्या चाळींतल्या मुलांची अडचण तर जगावेगळी आहे. भयपटाला एकटेपणा हवा असतो, आणि इथे नेमका तोच मिळत नाही.

वाटाण्याचा कोंब ते लॅमिंग्टन रोड

थोडंसं करून दाखवायचं आणि त्याच्या जोरावर मोठं काम उभं करायचं, ही रीत या भागाला नवी नाही. १९१२ मध्ये दादासाहेब फाळके लंडनहून परतले तेव्हा चित्रपटात पैसे घालायला कोण तयार होणार होतं? त्यांनी वाटाणा पेरला आणि त्याला कोंब फुटून रोप वर येईपर्यंत एकेक फ्रेम टिपत एक चिमुकली फिल्म बनवली. कुंडीतलं रोप पडद्यावर भराभरा वाढताना पाहून भांडवल देणाऱ्यांचा विश्वास बसला. पुढे ३ मे १९१३ ला ‘राजा हरिश्चंद्र’ गिरगावातल्या कॉरोनेशनमध्ये लागला. त्याचं चित्रीकरण दादरला झालं होतं.

भयपटाच्या दुनियेत हीच युक्ती पुन्हा पुन्हा वापरली गेली. सॅम रायमीने मित्रांना घेऊन १९७८ मध्ये ‘विदिन द वुड्स’ हा लघुपट केला तो पैसे घालणाऱ्यांना दाखवण्यासाठीच, आणि त्यातून १९८१ चा ‘द इव्हिल डेड’ उभा राहिला. मेलबर्नच्या फिल्म शाळेत भेटलेल्या जेम्स वॅन आणि ली व्हॅनेल यांनी ‘सॉ’ची एकच घटना आधी लघुपटात करून दाखवली.

आपल्याकडचे या विषयातले खरे विद्यार्थी म्हणजे रामसे बंधू. फाळणीनंतर कराचीहून आलेल्या एफ. यू. रामसे यांचं लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे आजच्या डॉ. भडकमकर मार्गावर, रेडिओचं दुकान होतं. त्यांची सात मुलं. १९७० च्या ‘एक नन्ही मुन्नी लडकी थी’मध्ये पृथ्वीराज कपूर भेसूर मुखवटा घालून चोरी करतात असा प्रसंग होता. चित्रपट आपटला, पण त्या एका प्रसंगासाठी लोक थिएटरात येताहेत हे मुलांच्या लक्षात आलं. त्यांनी वडिलांना गळ घातली: संपूर्ण चित्रपटच तसला करू. मग घरातच खाती वाटली गेली. तुलसी आणि श्याम दिग्दर्शन करणार, गंगू कॅमेरा सांभाळणार, किरण ध्वनी, अर्जुन संकलन, कुमार लेखन. महाबळेश्वरला मुक्काम ठोकून केलेला ‘दो गज जमीन के नीचे’ १९७२ मध्ये लागला आणि चालला. कॉलेजातला एखादा ग्रुप आज असाच कामं वाटून घेतो. रामसेंच्या पडक्या हवेल्या आज हास्यास्पद वाटतील, पण खऱ्या जागेत शूटिंग केलं की सेटचा खर्च वाचतो हे गणित त्यामागे पक्कं होतं.

असल्या काटकसरीतून किती संकेत निघाले ते पाहिलं की थक्क व्हायला होतं. फ्लोरिडात चित्रपटाचं शिक्षण घेतलेल्या दोघांनी ‘द ब्लेअर विच प्रोजेक्ट’मध्ये कॅमेरा सरळ नटांच्याच हाती दिला आणि आठ दिवसांत जंगलातलं शूटिंग उरकलं. १९९९ मध्ये तो जगभर गाजला आणि हलता कॅमेरा हाच एक संकेत होऊन बसला. ओरेन पेलीने स्वतःच्या घरात, सुमारे पंधरा हजार डॉलरमध्ये ‘पॅरानॉर्मल अ‍ॅक्टिव्हिटी’ केला. तिथे कॅमेरा स्टँडवर ठेवून दिला की माणूस झोपला तरी चालणार होतं. डेव्हिड सँडबर्गने २०१३ मध्ये बायकोला घेऊन राहत्या घरात ‘लाइट्स आउट’ हा तीन मिनिटांच्या आतला लघुपट केला, त्यात विजेचं बटण आणि अंधारी बोळ एवढंच भांडवल. या सगळ्यांनीच आपल्या हातात काय आहे ते आधी पाहिलं.

एकांत आणायचा कुठून?

भयपटाची जागा नेहमी जगापासून तुटलेली असते. ‘सायको’मधलं आडवाटेचं मोटेल, रामसेंची हवेली, किंवा विशाल फुरियाच्या ‘लपाछपी’तलं उसाच्या फडात हरवलेलं घर. २०१७ च्या या मराठी चित्रपटाने एकांतासाठी युरोपातला वाडा आणला नाही. डोक्याच्या वर वाढलेला ऊस हाच चकवा झाला, आणि भुताच्या मुळाशी स्त्रीभ्रूणहत्या होती. पुढे त्याचाच हिंदीत ‘छोरी’ झाला.

गिरगावच्या चाळीत मात्र किंचाळायची सोय नाही. किंचाळलात तर चार बिऱ्हाडं धावत येतील, एक काकू लिंबूपाणी आणेल आणि कुणीतरी “अगं, पाल असेल,” म्हणून मोकळं होईल. त्यामुळे चाळीत शूट केलेल्या पुष्कळ ट्रेलरमध्ये मुलं शेजार जणू नाहीच असं धरून चालतात आणि तिथेच बघणाऱ्याचा विश्वास उडतो.

एकांत मिळवायचे दोन मार्ग मात्र चाळीतच आहेत. पहिला रात्रीचा. ज्यांच्या मजल्यावर संडास गॅलरीच्या टोकाला होते त्यांना विचारा. पहाटे अडीच-तीनला उठून, बादली घेऊन, सगळी बंद दारं ओलांडत त्या टोकापर्यंत जायचं आणि परतताना पाठ अंधाराकडे असायची. शेकडो माणसांच्या इमारतीत माणूस तेवढी पंधरा-वीस पावलं पूर्ण एकटा असतो. यापेक्षा चांगली भयपटाची वाट कुठला कलादिग्दर्शक बांधून देणार?

दुसरा मार्ग आजचा आहे. पुनर्विकासाचा करार होतो, बिऱ्हाडं एकेक करून भाड्याच्या घरात किंवा संक्रमण शिबिरात जातात, दारांना कुलपं लागतात. एखादं घर अडून बसतं किंवा नुसतंच मागे राहतं. ज्या चाळीत कधीच एकांत नव्हता तिथे तो एकदम, आणि नको इतका, येतो. ही भीती पटकथाकाराने शोधलेली नाही, या भागातली कितीतरी घरं ती प्रत्यक्ष जगली आहेत.

बंद गिरण्यांचा मोह मात्र जपून करावा. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपाने अडीच लाखांच्या आसपास कामगारांचं आयुष्य फिरवलं. परळच्या पडक्या भिंतीसमोर नुसता धूर सोडून ‘शापित गिरणी’ म्हणायचं, हे आजोबा तिथे साच्यावर उभे असायचे त्या घरातल्या मुलाने तरी करू नये. गिरणीत भूत दाखवायचंच असेल तर ते कुणाचं आणि त्याचं काय देणं बाकी आहे, हे आधी ठरवावं.

भूत कुणाचं?

चाकरमान्यांनी कोकणातून ट्रंकेबरोबर आपली भुतंही आणली. पिंपळावरचा मुंजा, हडळ, खवीस, देवचार, वाट चुकवणारा चकवा. प्रत्येकाचा पत्ता वेगळा, तक्रार वेगळी. मुंज झाली आणि सोडमुंज होण्याआधीच मेला तो मुंजा. त्याची इच्छा अपुरी राहिलेली. २०२४ च्या ‘मुंज्या’त आदित्य सरपोतदारांनी ही अपुरी इच्छाच कथेचं इंजिन केली. त्याआधी २०१८ मध्ये राही अनिल बर्वे यांच्या ‘तुंबाड’ने नारायण धारपांच्या कथेतून प्रेरणा घेऊन हाव आणि पाऊस यांचंच भूत केलं. सप्टेंबर २०२४ मध्ये तो पुन्हा लागला तेव्हा पहिल्या खेपेपेक्षा जास्त चालला.

बाहेरचा संकेत घरचा कसा करायचा याचा सगळ्यात लोकप्रिय धडा महेश कोठाऱ्यांनी १९९३ मध्ये ‘झपाटलेला’त दिला. खुनी माणसाचा आत्मा बाहुल्यात शिरतो ही कल्पना अमेरिकेतल्या ‘चाइल्ड्स प्ले’ची. पण तिथलं दुकानातलं खेळणं इथे चाललं नसतं. कोठाऱ्यांनी नायकाला बोलक्या बाहुल्यांचा खेळ करणारा केलं आणि बाहुला बनवला रामदास पाध्यांनी, ज्यांचे बोलके बाहुले मराठी घराघरात ठाऊक होते. बाहुल्यात शिरलेला खुनी तात्या विंचू बोलू लागला तेव्हा कुणाला नवल वाटलं नाही, भीती तेवढी वाटली.

मांत्रिक हा संकेत वापरताना महाराष्ट्रात आणखी एक भान हवं. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर २०१३ मध्ये इथे जादूटोणाविरोधी कायदा आला. गोष्टीत मांत्रिक असायला कायद्याची आडकाठी नाही, पण शेवटी अंगारा लावून सगळं ठीक होणारा ट्रेलर आज आळशी वाटतो.

आधी कान, मग डोळे

विद्यार्थ्यांच्या ट्रेलरमध्ये सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट म्हणजे आवाज. इंटरनेटवरून उतरवलेलं तेच ते घुमणारं संगीत आणि धडामदिशी बसणारा एक ठोका, एवढ्यावर भागवलं जातं.

१९४२ च्या ‘कॅट पीपल’मध्ये एक बाई रात्री रस्त्याने एकटी चालली आहे. मागे कुणीतरी आहे असं तिला वाटतं, पावलं वेगाने पडू लागतात, आणि अचानक कानाशी श्वापदासारखा फुत्कार येतो. तो असतो येऊन थांबलेल्या बसच्या ब्रेकचा. प्रेक्षक खुर्चीतून उडायचे. पडद्यावर भूत नव्हतं, श्वापदही नव्हतं. निर्माता व्हॅल ल्यूटन यांच्या नावाने या युक्तीला आजही ‘ल्यूटन बस’ म्हणतात. दादर टीटीला रात्री साडेअकराला उभं राहिलं तर हा फुत्कार बेस्टची बस फुकट देते.

चाळीचा स्वतःचा आवाजांचा खजिना आहे. लाकडी जिन्याची ठरावीक पायरी, पोटमाळ्यावर कबुतरांची अचानक फडफड, मोरीत ठिबकणारा नळ, दूरच्या लोकलचा भोंगा, कडीला लटकून हलणारं कुलूप. फोनवर हे एकेक नीट रेकॉर्ड करावं. आणखी एक गोष्ट आवर्जून रेकॉर्ड करावी, ती म्हणजे रिकाम्या खोलीची शांतता. एडिट करताना तीच सगळ्यात जास्त कामी येते, कारण मोठ्या आवाजाआधी ती नसेल तर दचकायला होतच नाही.

सेकंदासेकंदाने

अमेरिकेतल्या चित्रपटगृह मालकांच्या संघटनेने २०१४ मध्ये ट्रेलरसाठी दोन मिनिटांची मर्यादा सुचवली. विद्यार्थ्याने त्याहून थोडं अलीकडेच थांबावं. समजा, आपल्या ट्रेलरचं नाव ‘पाण्याची वेळ’. रिकामी होत आलेली तीन मजली चाळ, वरच्या मजल्यावर आजी आणि बारावीतली नात एवढंच बिऱ्हाड उरलेलं.

पहिली पंचवीस सेकंदं दिवसाची. गॅलरीत ऊन, कुलूपबंद दारं, दारांवर रंगाने घातलेले सर्व्हेचे आकडे, एका दारावर अजून लटकणारं सुकलेलं तोरण. इथे संगीत नको. संकेताच्या भाषेत ही ‘सगळं ठीक आहे’ची पायरी, आणि एकांतही इथेच पटवून द्यायचा.

पुढच्या तीस सेकंदांत बिघाड. पहाटे चारला शेजारच्या बंद खोलीतून पिंप भरल्याचा आवाज येतो. नात विचारते तेव्हा आजी कूस बदलत म्हणते, “काकू असतील गं. त्या पहाटेच भरतात पाणी.” “आजी, काकू गेल्या ना मार्चमध्ये!” आजी गप्प. वडीलधाऱ्याला काहीतरी ठाऊक आहे, तरुणाला नाही, हा जुनाच संकेत, पण इथे तो अंथरुणातून बोलला जातो.

मग पस्तीस सेकंदांची चढण. कट लहान होत जातात: कुलूपबंद दाराखालून गॅलरीत येणारं पाणी, एकेका दाराच्या फटीत लागणारा दिवा, नातीचं धावणं, आजीचा हात. कुठेही चेहरा नाही. १९८० च्या ‘द शायनिंग’च्या गाजलेल्या टीझरमध्येही एकही नट नव्हता, लिफ्टच्या दारातून उसळणारं रक्त एवढंच होतं.

दहा सेकंद पूर्ण शांतता, काळ्यावर नाव. बघणारा सैल पडतो. तेवढ्यात दारावर टकटक आणि बाहेरून एका बाईचा अगदी मायेचा आवाज: “पाणी आलंय गं.” बस्स. चाळीतलं रोजचं, सगळ्यात मदतीचं वाक्य. ते ऐकून ज्याच्या अंगावर काटा येईल त्याला केस सोडलेल्या मुलीची आठवणही होणार नाही.

यात संकेत एकही सुटलेला नाही: तुटलेली जागा, न ऐकलेला इशारा, पडद्याबाहेरचा आवाज, वाढता वेग, खोटी शांतता, शेवटचा दणका. शूटिंगच्या वेळी दोन गोष्टी सांभाळाव्यात. टेकू लावलेल्या धोकादायक जिन्यावर चढू नये, आणि ज्यांच्या गॅलरीत किंचाळायचं त्या म्हाताऱ्या माणसांना आधी सांगावं. रात्रीचं शूटिंग दिवसा गॅलरीला ताडपत्री लावूनही होतं.

विद्यार्थ्यांचा ट्रेलर ज्या चित्रपटाची जाहिरात करतो तो चित्रपट कुठेच नसतो. म्हणून शेवट ठाऊक नसला तरी चालेल असं मुलांना वाटतं. पण फाळक्यांना वाटाण्याच्या पलीकडे काय करायचं ते माहीत होतं, रायमीलाही माहीत होतं, म्हणून त्यांच्या तुकड्यात दम होता. कॅमेरा काढण्याआधी एका कागदावर तीन उत्तरं लिहावीत: भूत कुणाचं, त्याला काय हवंय, आणि ते याच चाळीत का. पहिली दोन कुठल्याही भयपटातून उचलता येतील. तिसरं मात्र गिरगावात राहणाऱ्यालाच सुचेल, आणि परीक्षकाने गुण द्यावेत तेही त्यालाच.