पायलट जहाजावर, जबाबदारी कोणावर?

धरमतरच्या खाडीकाठी एका कोळी मित्राने मला विचारले होते, "भाऊ, उद्या एखाद्या जहाजानं आमचं जाळं फाडलं आणि मालक म्हणाला, हुकूम देणारा पायलट बंदराचा होता, आमचा नव्हे, तर भरपाई मागायची कुणाकडं?" मी वकील नाही. पण प्रश्न मनात राहिला आणि त्यापायी कायद्याची पुस्तके चाळली. हाती लागले ते येथे मांडतो.

पेण आणि रोहा ही दोन्ही गावे खाडीवर वाढली. पेणचे अंतोरा बंदर आणि कुंडलिकेच्या भरतीवर रोह्यापर्यंत येणारी गलबते जुन्या लोकांना आठवतात. आज अंबा नदीच्या खाडीतून कोळसा आणि लोहखनिज घेतलेल्या बार्ज डोलवीकडे जातात. कुंडलिकेच्या मुखाशी रेवदंडा बंदर आहे. ही लहान बंदरे महाराष्ट्र मेरीटाइम बोर्डाकडे, तर मुंबई आणि न्हावाशेवा ही मोठी बंदरे केंद्राकडे.

पायलट म्हणजे बंदराचा वाटाड्या. परमुलखातून आलेल्या कप्तानाला इथला गाळ, खडक, ओढ माहीत नसते. पायलट जहाजावर चढतो आणि वाट दाखवतो. तरीही जहाजाचा ताबा कप्तानाकडेच राहतो. पायलटची चूक डोळ्यांसमोर घडत असेल, तर त्याला थांबवणे कप्तानाचे कर्तव्य ठरते.

पूर्वी इंग्लंडात मालकाला एक पळवाट होती. कायद्यानेच पायलट घ्यायला लावला आणि चूक त्याची, तर मालक सुटे. २० सप्टेंबर १९११ रोजी टायटॅनिकची जुळी बहीण 'ऑलिंपिक' आणि 'हॉक' ही युद्धनौका यांची टक्कर झाली. न्यायालयाने दोष 'ऑलिंपिक'ला दिला; पण जहाजावर सक्तीचा पायलट होता, म्हणून मालक कंपनीवर युद्धनौकेच्या नुकसानीचा बोजा पडला नाही. १९१३ च्या पायलटेज कायद्याने ही पळवाट बंद करायचे ठरवले.

आपल्याकडे १९०८ च्या भारतीय बंदर कायद्याचे कलम ३१ आहे. ज्या बंदरांना ते खास लागू केले, तेथे दोनशे टन वा अधिक मापाच्या जहाजाने पायलट वा बंदर अधिकाऱ्याशिवाय ये-जा करू नये, असे ते सांगते. त्याचेच दुसरे पोटकलम म्हणते, की पायलटची सक्ती असली तरी नुकसानीला मालक वा कप्तान तितकाच जबाबदार, जितका सक्ती नसताना असता. आपल्या कोळीवाड्यातही तांडेल चुकला, तर लोक नाखव्याच्याच दारात जातात. या कायद्याची जागा घेणारा नवा बंदर कायदा २०२५ मध्ये संमत झाला. म्हणून घटना घडली त्या दिवशी कोणता कायदा लागू होता, हे आधी पाहावे.

मात्र मालक जबाबदार म्हणजे भरपाई आपोआप मिळते, असे नाही. जहाजाची चूक सिद्ध करावी लागते. शिवाय जहाजाच्या टनभारानुसार आपली देणी मर्यादित करून घेण्याची सवलत सागरी कायदा मालकाला देतो.

दुसरे हत्यार २०१७ च्या नौअधिकरण कायद्याचे. जहाजाच्या वावरातून झालेल्या नुकसानीसाठी मुंबई उच्च न्यायालयात जाऊन जहाजच अटकवता येते. मालक परदेशी असला, तरी जहाज आपल्या पाण्यात असते. या नुकसानीचा बोजा जहाजावरच चढतो. पण एका वर्षात जहाज अटकवले नाही, तर तो संपतो. अंतर्देशीय जलवाहतुकीच्या कायद्याखाली नोंदलेल्या नौकांना हा कायदा सरसकट लागू नाही. म्हणून बार्जची नोंदणी कुठली, हा पहिला प्रश्न.

७ ऑगस्ट २०१० रोजी 'एमएससी चित्रा' आणि 'खलिजिया' या जहाजांची मुंबईजवळ टक्कर झाली. तेल वाहिले, कंटेनर पाण्यात पडले आणि मासेमारी थांबली. मोठ्या अपघाताची दखल देश घेतो. फाटलेल्या जाळ्याची नोंद कोळ्यालाच ठेवावी लागते.

म्हणून त्या मित्राला मी सांगितले, की एक वही ठेव. जहाजाचे नाव आणि नोंदणी क्रमांक, वेळ, भरती की ओहोटी, जाळे कुठे पसरले होते आणि पाहणारा कोण, हे त्याच दिवशी लिही. जमल्यास फोटो काढ. लेखी तक्रारीची पोच घे. मग मालकाने पायलटचे नाव पुढे केले, तरी तुझी मागणी मालकाकडेच राहील.