लोकल पकडण्याचं शहाणपण
भाईंदरला सकाळी चर्चगेटची लोकल पकडणारा माणूस प्रत्येक गाडीची वेळ, गर्दी, उशीर यांचा हिशेब मांडत बसत नाही. विरारहून भरून आलेली सोडायची, भाईंदरहून सुटणारी धरायची, ठरलेल्या डब्यापाशी उभं राहायचं, झालं. याला अडाणीपणा म्हणणं चूक. वेळ, माहिती, डोकं सगळंच मर्यादित, म्हणून माणूस सर्वोत्तम नव्हे, पुरेसा पर्याय निवडतो, असं हर्बर्ट सायमन यांनी मांडलं. त्यांना १९७८ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. रूळ ओलांडताना मात्र अंदाज दगा देतो: मोठी वस्तू आहे त्यापेक्षा हळू येतेय असं वाटतं. वडाळ्याला म्हणूनच स्लीपर पिवळे रंगवून वेग जाणवून देण्याचा प्रयोग झाला. भाईंदरकरांनी तरीही पूलच चढावा.